जहाज गोदीत न घेता पाण्याखालून तळाची तपासणी: कितपत भरवसा ठेवावा?

मालवणी_मेट

नमस्कार मंडळी. दर्यावरची आणि गोदीतली बरीच माणसं इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

मी एका बल्क कॅरिअरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं जहाज) चीफ ऑफिसर आहे. जहाज १९० मीटर लांब, ३२ मीटर रुंद, वय साडेबारा वर्षं. दहाव्या वर्षी स्पेशल सर्व्हेला (दर पाच वर्षांची मोठी तपासणी) ड्रायडॉक झालं होतं, म्हणजे सुक्या गोदीत गेलं होतं; आता इंटरमिजिएट, म्हणजे मधली तपासणी, आलीय. या वेळी गोदीत जायचं नाही, नांगरावरच पाणबुडे उतरवून तळ तपासायचा, असं कंपनीने कळवलंय.

नियम मला ठाऊक आहे. सोलासप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) पाच वर्षांत तळाची बाहेरून किमान दोनदा तपासणी व्हायला हवी आणि दोन तपासण्यांमध्ये ३६ महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. एक स्पेशल सर्व्हेबरोबर गोदीत होते, मधली पाण्यात चालते. बल्क कॅरिअर आणि टँकरना ही मुभा पंधरा वर्षांपर्यंतच आहे. म्हणजे कागदावर सगळं रीतसर आहे.

तरी मनाला पटत नाही. गोदीत मी स्वतः हातात टॉर्च घेऊन तळाखालून नाळेपासून सुकाणूपर्यंत चालत गेलोय. प्लेटवर हात फिरवलाय. तिथे दिसणारी गोष्ट एक माणूस दिवा घेऊन पाण्यात सात-आठ तासांत पाहू शकतो का? जहाजावर आम्ही बावीस जण आहोत आणि पुढच्या गोदीला अडीच वर्षं आहेत.

तीन प्रश्न आहेत. या तपासणीवर कितपत भरवसा ठेवावा? मुंबईच्या नांगरवाड्यावर करावी की फुजैराला (अमिरातीतलं बंदर)? आणि जहाजाच्या बाजूने आम्ही काय तयारी ठेवावी?

---

आबा_इंजिनीअर

मेटसाहेब, चौतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली. माझं मत सरळ आहे. गोदीला पर्याय नाही.

गोदीत पाणी उपसलं की आधी उच्च दाबाच्या पाण्याने तळ धुतात. तो धुतल्यावर खरं काय ते दिसतं. रंगाखालचे फोड, त्यांच्या आत गंजाचे खड्डे, वेल्डच्या कडेला बारीक चीर. पाण्यात त्याच जागेवर चिकट थर बसलेला असतो आणि कॅमेऱ्याला हिरवट भिंत दिसते. एका जहाजावर पाण्यातल्या तपासणीचा अहवाल 'समाधानकारक' होता. वर्षभराने दुसऱ्याच कामासाठी गोदीत गेलो तर बो थ्रस्टरच्या (नाळेला आडवा ढकलणारा पंखा) बोगद्यात तळहाताएवढी जागा गंजून कागदासारखी झालेली. माझ्या बोटाने ती दबली. तो स्पर्श अजून हाताला आठवतो.

---

कॅडेट_मी

आबा, थ्रस्टरच्या बोगद्यात पाणबुड्या गेलाच नव्हता का?

---

आबा_इंजिनीअर

बोगद्याच्या तोंडाला जाळी होती. बाहेरून फोटो काढला, आत कोणी गेलं नाही. अहवालात फोटो होता, म्हणून सगळ्यांचं समाधान झालं.

---

रॉटरडॅमकर

मी क्लासच्या, म्हणजे जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, बाजूने बोलतो. सर्व्हेयर आहे, बरीच वर्षं हेच काम करतोय.

आबांचा अनुभव खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तो दोष पाण्याचा नव्हता. जाळी काढायला सांगणं हे सर्व्हेयरचं काम होतं आणि ते त्याने केलं नाही. या तपासणीत सर्व्हेयर बोटीवर किंवा डेकवर मॉनिटरसमोर बसलेला असतो. खालचं चित्र त्याच्यासमोर त्याच क्षणी येतं आणि पाणबुड्याशी बोलायची सोय असावीच लागते. "थांब, मागे ये, तो जोड पुन्हा दाखव, खरवडून दाखव" हे म्हणणं त्याच्या हातात आहे. म्हणाला नाही तर ती तपासणीच नव्हे. रेकॉर्डिंग नंतर केबिनमध्ये बसून पाहणं म्हणजे शिळ्या चहाला ऊत आणणं.

मुळात ही मुभा सरसकट मिळत नाही. पाणी स्वच्छ हवं, जहाज हलक्या ड्राफ्टवर (पाण्यात कमी बुडालेलं) हवं, तळ पुरेसा साफ हवा. पाणबुड्यांची कंपनी क्लासने मान्यता दिलेली हवी. सुकाणूच्या बेअरिंगमधली फट मोजायची सोय बांधणीतच हवी, तशीच प्रोपेलर शाफ्टच्या मागच्या बेअरिंगची झीज मोजायचीही. तळावर फ्रेम आणि टाक्यांच्या हद्दीच्या खुणा हव्यात, म्हणजे पाणबुड्या कुठे आहे ते दोघांनाही कळतं. आणि पाण्यात काही संशयास्पद दिसलं तर मी तिथल्या तिथे सांगू शकतो की आता गोदीत जा. तसं मी सांगितलेलंही आहे.

आता गोदीचीही एक दुबळी बाजू सांगतो. जहाज गोदीत लाकडी ठोकळ्यांवर बसतं. त्या ठोकळ्यांखालचा तळ ना धुतला जातो, ना रंगवला जातो, ना कोणी पाहतो. पुढच्या गोदीत ठोकळे सरकवायचे असतात, पण ते दरवेळी होतंच असं नाही. मग तीच जागा दहा-दहा वर्षं कोरी राहते. तरंगत्या जहाजाखाली ठोकळे नसतात. ते चौकोन मी पहिल्यांदा नीट पाहिले ते पाण्यातच.

---

ऋता_वाचतेय

माझा जहाजांशी संबंध फक्त भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापुरता. पण हे वाचून थक्क झाले. एवढं मोठं जहाज ठोकळ्यांवर बसतं? आणि 'झीज मोजायची' म्हणजे पाण्याखाली नेमकं काय करतात?

---

रॉटरडॅमकर

ऋता, प्रोपेलरचा दांडा जहाजाबाहेर पडतो तिथे एका बेअरिंगवर टेकतो. वर्षानुवर्षं फिरून बेअरिंग झिजलं की दांडा तेवढा खाली बसतो. तिथे तेल आत आणि पाणी बाहेर ठेवणारं सील असतं, त्याच्या घरात एक बूच असतं. पाणबुड्या ते काढतो, आत एक मोजपट्टीचा दांडा घालून वरून शाफ्टपर्यंतचं अंतर घेतो. जहाज नवं असताना घेतलेलं माप कागदावर असतं. दोहोंतला फरक म्हणजे झीज. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशोब असतो आणि तो हातमोजे घालून, वाहत्या पाण्यात करायचा असतो. सोबत त्या बेअरिंगच्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. तेलात पाणी किंवा धातूचे कण सापडले तर मापाआधीच कळतं.

---

पाणबुड्या_उरण

धागा उशिरा पाहिला. सध्या बॉम्बे हायला (मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र) ड्यूटीवर आहे, नेट मिळेल तसं लिहितो. पंधरा वर्षं हेच काम करतोय, आधी बंदरातली जहाजं, आता जास्त करून प्लॅटफॉर्म आणि रिग. जॅकअप रिगला दरवेळी गोदीत न्यायला कोणाला परवडतंय, तिथे पाण्याखालची तपासणी हाच रिवाज.

मेटसाहेबांनी विचारलंय की माणूस पाहू शकतो का. खाली काय असतं ते सांगतो.

तुमचं जहाज हलकं केलं तर सहा-सात मीटर ड्राफ्ट राहील. खोली काही नाही. त्रास आहे सपाटीचा. बाजूने उतरलो, बिल्जची (बाजू आणि तळ जोडणारी) गोलाई ओलांडली की डोक्यावर लोखंडाचं छत येतं. बत्तीस मीटर रुंद. वर जायची वाट कुठेच नाही, आलो त्याच वाटेने परत जायचं. उजेड दहा पावलांत संपतो. मी सोडलेले बुडबुडे वर जात नाहीत, तळाला चिकटून पाऱ्यासारखे इकडेतिकडे पळतात. नवीन होतो तेव्हा त्यांच्याकडे बघत राहायचो. जहाजाचा जनरेटर सगळ्या अंगाला ऐकू येतो. आणि शेवाळ-कवचं जास्त असली तर बारीक तडतड चालू असते, चुलीवर मीठ टाकल्यासारखी.

तिथे वाट दाखवतो तो वेल्डचा जोड. हाताने जोड चाचपत जायचं, एक प्लेट झाली की पुढचा जोड. वरून सुपरवायझर ड्रॉइंग बघून सांगतो, "आता फ्रेम एकशे दहा, डावीकडे ये." माझ्या होसमध्ये हवा, फोनची तार, दिवा-कॅमेऱ्याची तार. पाठीवर आणीबाणीची बाटली. होस धरून बसलेला टेंडर वर असतो, त्याच्या हाताला माझी ओढ कळते. आणि एक स्टँडबाय पाणबुड्या पूर्ण तयारीत, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेला. तो बसलेला दिसतो म्हणून मी उतरतो.

मुंबईचं विचारता तर माझं उत्तर नको. इथल्या गढूळ पाण्यात हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. करायचंच झालं तर आम्ही पारदर्शक पिशवीत किंवा पेटीत गोडं पाणी भरून कॅमेऱ्यापुढे धरतो. पिशवी प्लेटला टेकवली की तेवढाच तुकडा स्वच्छ दिसतो, ताटाएवढा. एखादा जोड, एखादं अ‍ॅनोड (तळाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बघायला ठीक आहे. पण १९० मीटरचा तळ ताटाताटाने बघून तुम्हाला तळाचं चित्र मिळणार नाही.

अडलंच तर तिथी बघून काम घ्या. उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, ओढ जोराची, सगळा गाळ वर. अष्टमी ते एकादशीच्या भांगाला ओढ कमी, गाळ बसलेला. त्यातही भरती-ओहोटीच्या मधलं थांबलेलं पाणी धरायचं. पावसाळ्यात तर नावच काढू नका. फुजैराला मी काम केलंय, चांगल्या दिवशी पूर्ण प्रोपेलर एका नजरेत दिसतो.

आता तयारी. हे कृपा करून नीट वाचा.

काही वर्षांपूर्वी एका जहाजावर सी-चेस्टची (समुद्राचं पाणी आत घेणारी तळातली पेटी) जाळी तपासत होतो. परमिटवर सह्या झालेल्या. पंप बंद असल्याचं सांगितलेलं. बंद होता, पण ऑटोवर होता. दुसरीकडे दाब उतरला आणि तो आपोआप सुरू झाला. माझा डावा पंजा जाळीवर होता. कोणी हात धरून आत ओढावं तसा तो जाळीवर बसला. ओढून निघेना. मी फोनवर एवढंच म्हणालो, "पंप." सुपरवायझर वॉकीटॉकीवर ओरडला, इंजिनरूममधून कोणीतरी बंद केला. वीस-पंचवीस सेकंद गेले असतील. हात सुटला तेव्हा तळव्यावर जाळीचे चौकोन उठले होते, आठवडाभर सूज होती. हाताच्या जागी होस अडकला असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून सही पुरे नाही. मेन इंजिन, टर्निंग गिअर, सुकाणू, थ्रस्टर, त्या बाजूचे सगळे सक्शन, तळाच्या गंजरोधासाठी सोडलेला विजेचा प्रवाह, सगळं बंद. ब्रेकर खाली, कुलूप लावलेलं, किल्ली आमच्या सुपरवायझरच्या खिशात. अल्फा बावटा वर, रात्र असेल तर लाल-पांढरा-लाल दिवे. शेजारून जाणाऱ्या बार्जला रेडिओवर सांगणारं माणूस ब्रिजवर. आणि बॅलास्ट (तोलासाठी टाक्यांत भरलेलं पाणी) हलवायचं नाही, आम्ही खाली असताना जहाज एक इंचही बसता कामा नये.

---

मालवणी_मेट

पाणबुड्या भाऊ, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून शिपच्या ऑफिसात लावतोय. ऑटोवरच्या पंपाचा मुद्दा आमच्या यादीत नव्हता. आज चीफ इंजिनीअरबरोबर बसून ब्रेकरची यादी नव्याने केली. फायर पंपही त्यात घातला.

---

आबा_इंजिनीअर

पाणबुड्या, लेका, वाचताना माझा हात आपोआप मागे आला. आमच्या वेळी इंजिनरूममधून "बंद आहे" असं ओरडून सांगायचे आणि खाली माणूस असायचा. मीही ओरडलोय तसं. कुलूप-किल्लीचा मुद्दा शंभर टक्के.

---

नाखवीण

सातपाटीची आहे. आमच्या घरची बोट लाकडी, वर फायबर मारलेलं.

तुमच्या एवढ्या मोठ्या जहाजाचा तळ अडीच वर्षांनी बघतात हे वाचून नवल वाटलं. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी बोट भरतीला किनाऱ्यावर घेतात, पाणी उतरलं की ओंडक्यांवर वर ओढतात. सगळं गाव ओढायला येतं. मग दोन महिने ती अंगणात म्हातारीसारखी बसते. खालचं सगळं खरवडायचं, फळी न् फळी ठोकून बघायची. सासरे कान लावतात. चांगली फळी वाजते, किडलेली 'भद' आवाज करते. नारळी पौर्णिमेला नवा रंग लावून पुन्हा पाण्यात. एका वर्षात तळाला लागलेल्या शिंपल्या-कवचांच्या टोपल्या भरतात.

---

ऋता_वाचतेय

नाखवीणताई, सासऱ्यांचा कान लावायचा भाग फार आवडला. त्यांना विचारून आणखी लिहा ना.

---

रॉटरडॅमकर

नाखवीणताई, आम्ही तेच करतो, फक्त कानाच्या जागी यंत्र आहे. प्लेटवर अल्ट्रासॉनिक प्रोब टेकवला की आवाजाची लाट पलीकडच्या पृष्ठभागावरून परत येते आणि लोखंड किती मिलिमीटर उरलंय ते कळतं. पाण्याखाली रंगावरूनही मोजता येतं. तुमच्या सासऱ्यांना मात्र आकडा न बघता कळतं.

---

शैवालिनी

गोव्यात सागरी जीवशास्त्रात काम करते. नाखवीणताईंच्या टोपल्यांवरून एक मुद्दा मांडते, जो मेटसाहेबांच्या कंपनीनेही लक्षात घ्यावा.

तळ बघण्याचं कारण आता फक्त लोखंड नाही. तळाला चिकटून कोण प्रवास करतंय हेही बघतात. काळ्या पट्ट्यांचा एक छोटा शिंपला, मायटिलॉप्सिस सॅली, मूळचा अमेरिकेकडचा. तो विशाखापट्टणमला आणि मुंबईच्या गोद्यांमध्ये ठाण मांडून बसलाय. जहाजांनीच आणला. गोदीच्या भिंती, बोटी, पाइप, जिथे बसेल तिथे थरावर थर.

म्हणून २०१८ पासून न्यूझीलंड आणि २०२२ पासून ऑस्ट्रेलिया जहाजांकडे तळाच्या स्वच्छतेचा हिशोब मागतात. तळ घाण असेल तर जहाज बाहेर काढतात. पाण्यातल्या तपासणीचा ताजा व्हिडिओ हा तिथे कामाचा पुरावा असतो. आणि जीव कुठे बसतात? सपाट तळावर कमी. सी-चेस्टच्या आत, थ्रस्टरच्या बोगद्यात, सुकाणूच्या बिजागरीत, जिथे पाण्याचा वेग नसतो आणि रंग नीट लागत नाही तिथे. आणि, आबांनी वर सांगितलं तसं, नेमक्या त्याच जागा तपासणीत सुटतात. मालगाडीत फुकट्या प्रवासी दरवाजात उभा राहत नाही, कोपरा धरतो.

आणखी एक. नांगरावरच तळ घासून टाकू, असं परस्पर ठरवू नका. खरवडलेली कवचं जिवंत असतात आणि रंगातलं तांबं पाण्यात उतरतं. बऱ्याच बंदरांत परवानगी नाही, काही ठिकाणी घासलेलं सगळं शोषून पिशवीत धरणारं यंत्र लागतं.

---

कॅडेट_मी

शैवालिनी मॅडम, मग असा रंग का नाही की ज्यावर काहीच बसणार नाही?

---

शैवालिनी

होता. टीबीटी नावाच्या कथिलाच्या संयुगाचा. तळ वर्षानुवर्षं चकचकीत राहायचा. पण फ्रान्समध्ये आर्काशोंच्या खाडीत कालवांची कवचं वेडीवाकडी जाड झाली, पिल्लं धरेनात, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले. फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर बंदी आणली. जगभराचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. तळ स्वच्छ, खाडी मेलेली, अशी ती किंमत होती. आता मुख्यतः तांब्यावर चालणारे रंग आहेत, आणि काही नुसते गुळगुळीत सिलिकॉनचे.

---

इतिहासवेडा

तांब्याचा विषय निघाला म्हणून थोडं आडवाटेने जातो.

लाकडी जहाजांना तांब्याचे पत्रे ठोकायची पद्धत ब्रिटिश आरमाराने १७६०च्या दशकात सुरू केली. किडा आणि कवचं दोन्ही थांबली, पण तांब्याला लागलेले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात विरघळायला लागले. मग तांबंही झिजतं म्हणून १८२४ मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यावर जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे बसवून पाहिले. झीज थांबली. पण तांबं विरघळेना म्हटल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि तळावर पुन्हा कवचं बसली! आज तळावर दिसणारी अ‍ॅनोड त्याच तुकड्यांची वंशज.

आणि गोदीचं म्हणाल तर लवजी नसरवानजी वाडिया यांनी १७५० मध्ये मुंबईत बांधलेली सुकी गोदी आशियातली पहिली मानतात. नौदलाच्या आवारात आहे ती. वाडियांच्या मुंबईत १८१७ मध्ये सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. आपल्याकडे विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये इथे आंग्र्यांच्या आरमाराची कातळात कोरलेली गोदी आहे. भरतीला गलबत आत, ओहोटीला तळ उघडा. नाखवीणताई अंगणात करतात तेच, कातळात. मी दोनदा पाहून आलोय. तिथे फलकापलीकडे काही नाही याचं वाईट वाटतं.

---

मालवणी_मेट

इतिहासवेडा, गिर्ये माझ्या गावापासून लांब नाही. या सुट्टीत मुलीला घेऊन जातो.

---

नवखा_सुपरिटेंडंट

रोबोटबद्दल कोणीच लिहिलं नाही. आता चुंबकी चाकांचे क्रॉलर आणि छोटे आरओव्ही (वरून तारेने चालवायचे पाण्याखालचे रोबोट) आहेत. माणूस पाण्यात घालायचाच कशाला? २०२० मध्ये कोविडच्या काळात तर सर्व्हेयर घरी बसून बघत होते.

---

पाणबुड्या_उरण

रोबोट हवाच. सपाट तळ, बाजू, नुसतं बघायचं काम त्याला द्या, मला आनंद आहे. छताखाली तीन तास घालवायची हौस कोणाला नाही. पण रोप गार्डचं (प्रोपेलरजवळ शाफ्टभोवती असलेलं संरक्षक कडं) बूच काढून माप घेणं, सुकाणूच्या फटीत फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घालणं, प्रोपेलरच्या पात्याची कड बोटाने बघणं, शाफ्टला गुंडाळलेलं जाळं कापणं, यासाठी अजून हातच लागतो. वेल्डची चीर कधीकधी नखाला आधी कळते.

---

रॉटरडॅमकर

सहमत. पण नवख्या मित्रांचाही मुद्दा सोडू नये. सी-चेस्ट, थ्रस्टरचा बोगदा, अशा जिथे माणसाला धोका आहे त्या जागी छोटा आरओव्ही आधी पाठवावा. आबांच्या त्या बोगद्यात आज मी तोच पाठवला असता.

---

आबा_इंजिनीअर

हे मान्य. 'गोदीला पर्याय नाही' हे मी मागे घेत नाही, पण तेवढा बोगदा तुम्हाला दिला.

---

मालवणी_मेट

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. तपासणी झाली. फुजैराच्या नांगरवाड्यावर, दोन दिवस. जे झालं ते सांगतो, कारण माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आदल्या दिवशी ब्रेकरना कुलपं लावून किल्ल्या डाइव्ह सुपरवायझरच्या हातात दिल्या. त्याने आठ किल्ल्या मोजून खिशात घातल्या, तेव्हा चीफ इंजिनीअरने माझ्याकडे बघितलं. पाणी स्वच्छ होतं. मी पूर्ण वेळ सर्व्हेयरच्या शेजारी मॉनिटरसमोर बसलो, हे मी स्वतः मागून घेतलं. तळाचा नकाशा मांडीवर घेऊन फ्रेमनुसार टिकल्या करत गेलो.

काय सापडलं? डाव्या बिल्ज कीलच्या (डोलणं कमी करणारी तळाबाहेरची पट्टी) मागच्या टोकाला वेल्डमध्ये बोटभर चीर. ती तळाच्या प्लेटपर्यंत गेली नव्हती, हे पाणबुड्याने घासून, जवळून दाखवलं, प्लेटची जाडीही मोजली. सर्व्हेयरने पुढच्या गोदीपर्यंत मुदत घालून नोंद केली. एक अ‍ॅनोड मुळातूनच गायब. बाकीची निम्मी उरलेली. शाफ्टची झीज गेल्या मापापेक्षा ०.२ मिलिमीटर जास्त, हद्दीत. ठोकळ्यांच्या जागांचे चौकोन, रॉटरडॅमकर म्हणाले तसेच, अगदी स्पष्ट दिसले, एका रांगेत. एकावर रंग नव्हता आणि गंज धरला होता. अडीच वर्षांपूर्वी मी त्याच गोदीत तळाखालून चाललो होतो. ती जागा तेव्हा ठोकळ्याखाली होती.

थ्रस्टर आमच्याकडे नाही, पण सी-चेस्टमध्ये आबांची आठवण काढून मी म्हणालो, "जाळी उघडून दाखवा." सर्व्हेयर लगेच हो म्हणाला. आत मुठीएवढाल्या कवचांचे झुबके. ऑस्ट्रेलियाचा माल लागला असता तर अडकलो असतो. नमुने बाटलीत ठेवलेत, शैवालिनीताई, पत्ता कळवाल का?

आणि रोप गार्डच्या आत जाळं. हिरवं-निळं नायलॉन, शाफ्टला इतकं आवळलेलं की दगडासारखं झालेलं. सीलच्या कडेपर्यंत पोचलं होतं. पाणबुड्याने ते दीड तास कापलं. अजून काही महिन्यांत सीलमधून तेल सुटलं असतं, हे चीफ इंजिनीअरचं मत.

आबा, तुमचं म्हणणं मी विसरलेलो नाही. रंगाखालचे फोड आम्हाला दिसले नसतील. पण या वेळी जे दिसलं ते मी बघितलंय, आणि मला झोप लागते.

---

आबा_इंजिनीअर

जाळी उघडायला लावलीस ना, बस. बिल्ज कीलच्या चिरेचा फोटो दर सहा महिन्यांनी, संधी मिळेल तेव्हा, पाणबुड्याकडून घेत जा. वाढतेय की नाही ते कळू दे.

---

शैवालिनी

नमुने नक्की हवेत! खाजगी निरोपात लिहिते. बाटलीत अल्कोहोल आहे ना? आणि गेल्या सहा महिन्यांतल्या बंदरांची यादी सोबत द्या, त्याशिवाय ते कुठून चढले ते सांगता येणार नाही.

---

नाखवीण

मेटसाहेब, ते कापलेलं जाळं टाकलंत का? त्याचा आस केवढा आहे? तुकडा असेल तर फोटो टाका. फाटलेलं जाळं हाताने सांधतात आणि सांधायची गाठ गावागणिक वेगळी पडते. आमच्याकडचं असलं तर सासरे ओळखतील.

---

मालवणी_मेट

ताई, हातभर तुकडा चीफ इंजिनीअरने कंट्रोल रूममध्ये टांगलाय. सांधलेल्या दोन जागा आहेत त्यात. आता नेट फार हळू आहे, पुढच्या बंदरात पोचलो की दोन्ही गाठींचे जवळून फोटो टाकतो. आस मोजला, गाठीपासून गाठीपर्यंत दोन बोटं.